भरती नसलेल्या नदीकाठी

कोकणातून पिंपरी-चिंचवडला कोणी सहलीला जात नाही. तिकडे जायचं ते नोकरीला, नाहीतर नोकरीला गेलेल्याला भेटायला. त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपवून मी शाळेत परत आले तेव्हा बाकीच्या शिक्षिका विचारू लागल्या, "तिकडे पाहण्यासारखं काय असतं हो?" मी म्हटलं, "मासे." सगळ्या खो खो हसल्या. खाडीकाठच्या गावातून उठून एवढा घाट चढायचा आणि पाहायचं काय, तर मासे! पण मी थट्टा करत नव्हते.

मी गेले होते ते माझ्या धाकट्या भावाला, मनूला, येत्या शिमग्याला घरी आणता येतं का ते बघायला. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी नदी, भाकरी आणि सायकली यांच्याबद्दल लिहीत बसले तरी माझा जीव कशात अडकला होता ते ध्यानात राहील.

मनू भोसरीला एका वर्कशॉपात मशीनवर आहे. नोकरीला लागल्यापासून दर शिमग्याला तो घरी यायचा. ग्रामदेवतेची पालखी दारात यायच्या आधी हा दारात हजर असायचा. मग त्याने तिकडेच लग्न केलं, पुनावळ्याच्या एका शेतकऱ्याच्या मुलीशी. आमच्या अण्णांना विचारलं नाही, नुसतं कळवलं. अण्णा म्हणाले, "ठीक." लग्नाला आमच्याकडून कोणी गेलं नाही. त्यानंतरचे शिमगे मनूशिवाय गेले. भांडण म्हणाल तर एक शब्दाचंही झालं नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं.

आई आम्हाला लवकर गेली. घरात अण्णा आणि मी, आणि समोर खाडी. मी मनूकडे जाते म्हटल्यावर अण्णांनी एसटीची वेळ तेवढी विचारली. लक्ष्मीपूजन आटोपून मी निघाले तेव्हा मात्र त्यांनी माझ्या पिशवीत तंबाखूची एक जुनी डबी टाकली. आत मासे धरायच्या गऱ्या होत्या, तंगूस, म्हणजे पातळ चिवट दोरा, बांधून तयार केलेल्या.

"देशावर चांगल्या गऱ्या मिळत नसतील," ते म्हणाले, आणि लगेच होडीकडे निघून गेले.

निगडी, पाडव्याची संध्याकाळ

एसटीचा प्रवास वर्णन करण्यात अर्थ नाही. घाट लागतो, सकाळ होते. मनू चिंचवड स्टेशनावर घ्यायला आला होता. केस थोडे मागे गेलेत, बाकी तसाच. पिशवी हातातून घेताना त्याच्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास आला. दिवाळीची सुट्टी असूनही तो जात नाही म्हणे.

तो निगडीला प्राधिकरणाच्या एका बंगल्यामागे दोन खोल्यांत राहतो. तिकडचे रस्ते आखून काढलेले, रुंद आणि बहुतेक रिकामे. मधूनच एखादा नवा बंगला, त्याच्या कडेला विटांचा ढीग, आणि पलीकडे नुसतं गवत. आमच्याकडे घराला झाडं आधी असतात आणि घर नंतर. तिकडे घर उभं राहतं आणि मग माणसं एक कडुनिंबाचं रोप लावून त्याला कुंपण घालतात.

कारखान्याचा भोंगा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दचकले. मनू हसला. "घाबरू नको, ताई. इथं भोंग्यावर चहा, भोंग्यावर जेवण, भोंग्यावर झोप." शिफ्ट सुटल्यावर सायकलींचा जो लोंढा रस्त्यावर येतो तो मात्र बघण्यासारखा. एवढी माणसं एकाच वेळी घरी जायला निघालेली मी जन्मात पाहिली नव्हती.

मी भावजयीला पाहायचं ठरवून गेले होते, पण ती भाऊबीजेसाठी एक दिवस आधीच, त्याच सकाळी, माहेरी गेली होती. म्हणजे त्या रात्री जेवायला आम्ही बहीणभाऊच. मला वाटलं, बरं झालं, आता सरळ विचारावं.

"मनू, येत्या शिमग्याला काय करणार आहेस?"

"बघू. ओव्हरटाइम असतो मार्चात."

"पालखी येते रे दारात."

"हो ना. भात घेतेस अजून?"

सरळ विचारलं की तो हा असा सुळकन बाजूला होतो. लहानपणापासूनची खोड आहे. समोर बसलेला असतो, हसतो, वाढतो, आणि तरी हाताला लागत नाही. अण्णांची डबी मी पिशवीतून काढलीच नाही.

पुनावळे, भाऊबीज

दुसऱ्या दिवशी मनूने मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून सासुरवाडीला नेलं. मुख्याध्यापिका व्हायच्या वयाची बाई, आणि कॅरिअरवर! रावेतच्या उतारावर माझा पदर चाकात गेला आणि आम्ही दोघंही रस्त्याच्या कडेला ज्वारीत पडलो. लागलं कोणाला नाही. मनू इतका हसला की त्याला उठता येईना. कितीतरी दिवसांनी मला माझा भाऊ दिसला, असं मला त्या ज्वारीत बसल्या बसल्या वाटलं. मग तो उठला, कपडे झटकले, आणि पुन्हा पाहुण्याशी बोलावं तसा माझ्याशी बोलू लागला.

पवना नदी ओलांडली की पुनावळे. भावजयीचे, म्हणजे शालनचे, वडील आबा दारातच उभे होते. पांढरं धोतर, टोपी, आणि बोलताना समोरच्याला डिवचायची हौस.

"या, मास्तरीणबाई! जावयांनी पाडलं म्हनं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लुगड्याला आमच्या वाटंची माती हाय की. सांगायला कशाला पायजे?"

शालन बुटकी, सावळी, आणि बघताक्षणी आवडावी अशी. पाया पडली आणि आत पळाली. मी आणलेले सोडे तिला दिले तर तिने पुडी उघडून वास घेतला, डोळे मोठे केले आणि हळूच पुडी बंद केली. वाळवलेली कोलंबी तिने पूर्वी पाहिली नसावी. तिकडे नारळ देवापुढे फोडण्यापुरता. जेवणात सगळीकडे शेंगदाण्याचं कूट, आणि काळ्या मसाल्याची अशी आमटी की पहिल्या घासाला माझे कान तापले. वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी मात्र मी नको म्हणेपर्यंत खाल्ली.

पण ते नंतर. जेवणाचा मजेशीर प्रकार आधी झाला. शालनने तिच्या भावाला ओवाळलं, मी मनूला ओवाळलं, पानं मांडली, आणि पानावर बसायच्या वेळी मनू उठला. खुंटीवरचा गळ घेतला. देशावर गळ म्हणतात, आम्ही गरी म्हणतो.

"जरा नदीवर जाऊन येतो."

"आता?" मी म्हटलं.

शालन खाली मान घालून म्हणाली, "त्यांची वेळ झाली."

आबा माझ्याकडे बघून हसले. "बघा तुमचा भाऊ. कंदी पहाटं येतो, कंदी दुपारी, कंदी दिवा लावायच्या टायमाला. मासा तर एक गावत न्हाई. जा, तुमी पन बघून या मजा. पानं झाकून ठिवतो."

मी मागोमाग गेले.

तिथं नदीला वळण आहे आणि वळणावर काळ्या खडकात एक डोह. पावसाळ्यानंतर पाणी निवळलेलं, तळाचा गोटान् गोटा दिसत होता. आणि त्या पाण्यात मासे. मी खाडीकाठची, आमचं पाणी गढूळ. आमच्याकडे मासा दिसतो तो गरीला लागल्यावर, नाहीतर टोपलीत. हे मासे नुसते उभे होते, हातभर लांब, सोनेरी पाठीचे, खवले मोजता यावेत असे. कल्ले हलत होते. आबांच्या भाषेत खडशी.

"हे रे काय!" मी ओरडलेच.

"हळू," मनू म्हणाला. "दिसतात सगळे. खात एकही नाही."

आम्ही खडकावर पालथे पडून सगळे प्रयोग केले. गांडूळ लावलं. एक मोठा मासा आला, गांडुळापाशी थांबला आणि दाराशी आलेल्या विक्रेत्याला बघावं तसं बघून वळला. कणकेची गोळी लावली, ती खाली जाऊन बसली तरी कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग मी पदराच्या गाठीतून चार सोडे काढले. येताना शालनच्या पुडीतून उचलले होते. ते भिजवून लावले. त्यासरशी तीन मासे आले! त्यांनी नाक लावलं, एकदा गिरकी घेतली आणि खडकाखाली गेले.

"यांना कोलंबी कळत नाही," मनू म्हणाला. "देशावरचे आहेत."

तो बोलला गमतीनं, पण मला हसू आलं नाही. डोळ्यांसमोर असलेली आणि आपण काहीही पुढं केलं तरी तोंड न उघडणारी गोष्ट बघत बसणं किती वाईट असतं ते मला आदल्या रात्रीच कळलं होतं. थोड्या वेळाने मनूने घड्याळाकडे पाहिलं, मग उगाच आभाळाकडे, आणि दोरा गुंडाळायला लागला.

"एवढ्यात?"

"दीड वाजला. चल, ते जेवायचे थांबलेत."

मी त्या वेळी काही समजले नाही. भुकेजलेली होते, त्यामुळेही असेल.

निगडी, मधले दिवस

मनू फर्स्ट शिफ्टला जायचा, अंधारात उठून. मग दिवसभर शालन आणि मी. तिने मला ठेचा शिकवला, मी तिला सोड्यांचं कालवण शिकवलं. मला ती "वन्सं" म्हणायची आणि पाटावर बसायचा आग्रह करायची. कामं मात्र करू द्यायची, हे मला आवडलं. मनूबद्दल ती फार बोलत नसे. पण एका दुपारी भाकऱ्या थापताना तिचा बांध फुटला.

"वन्सं, एक विचारू? मासं धरायला येळ असती का हो काई?"

"म्हणजे?"

"म्हंजी हे. दर गुरुवारी सुट्टी, आनि दर गुरुवारी नदी. जाऊ द्या, जायाचं तर जा. पन एक टाइम ठरवा ना! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भर दुपारी बाराला डोहावर. घरात मी एकली, देवीची मांडनी करते. त्याच्या आदल्या गुरुवारी सकाळी सहालाच डोहावर, च्यासुदिक घेतला न्हाई. परवा पानावरून उठले. माझ्या माहेरच्यांच्या पंगतीला बसायचं नसतं म्हनून उठतात, असं वाटायला लागलंय मला."

मी हो-हो म्हणत ऐकत होते. आणि ऐकता ऐकता माझी बोटं आपोआप चालायला लागली. खाडीकाठच्या माणसाला ही सवय असते. तिथी धरायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पुनवेला आणि अवसेला बारा. लक्ष्मीपूजन म्हणजे अवस, बारा वाजता. आदला गुरुवार अष्टमी, सहा वाजता. आणि भाऊबीज, द्वितीया. दीड.

मी हातातलं पीठ तसंच ठेवलं.

"काय मोजताय, वन्सं?"

"शालन," मी म्हटलं, "तुझा नवरा तुमच्या नदीवर आमच्या खाडीच्या भरतीला जातो."

तिला कळेना. कळणार कसं? मी समजावून सांगितलं. आमच्याकडे गरी टाकायची ती भरतीला. पाणी चढायला लागलं की मासा आत येतो आणि खातो. ओहोटीला गरी घेऊन बसणाऱ्याला अण्णा वेडा म्हणायचे. मनू चालायला लागला तेव्हापासून अण्णांबरोबर भरतीला होडीत असायचा. आता इथं, घाटावर, जिथं नदी एकाच दिशेने वाहते आणि चंद्राशी तिचं काही देणंघेणं नाही, तिथं हा शहाणा दर गुरुवारी तिथी बघून गरी टाकतो आहे. आणि पाणी उलटायची वेळ झाली की दोरा गुंडाळून घरी येतो.

शालनचा हात थापता थापता थांबला. तव्यावरची भाकरी करपली.

"मग सांगत का न्हाईत?" ती म्हणाली. "मी कंदी म्हटलं व्हय, की गावाला जाऊ नका? मला तर बघायचाय समुद्र. मला न्या म्हटलं तर म्हनतात, बघू."

"मलाही तेच म्हणतो."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो, आणि मग तिने पदराने डोळे पुसले. मीही पुसले. धुराचं निमित्त होतंच. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मनूला घरी न्यायचं म्हणजे आता एकट्या मनूला नाही. आणि अण्णांनी मला एकट्या मनूसाठी डबी दिली होती.

पुनावळे, गुरुवार

सप्तमी होती. पाऊणपट केली की सव्वापाच. त्यामुळे चारला मनूने सायकल काढली तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. शालन एसटीने पुढं गेली होती. या वेळी मी पदर कमरेला खोचून बसले, आणि पिशवीतली डबी घेतली.

डोहावर आबा म्हशींना पाणी पाजत होते. मासे होते तसेच होते. मनू नेहमीच्या खडकावर बसला. मी त्याच्या हातात डबी दिली.

"अण्णांनी दिल्यात."

त्याने झाकण उघडलं आणि एक गरी उचलून उजेडात धरली. अण्णांची गाठ वेगळी असते, तीन वेढे आणि एक उलटा. गावात तशी दुसरं कोणी बांधत नाही.

"या जुन्या आहेत?"

"नाही. या दिवाळीतच बांधल्यात."

"त्यांना एवढं बारीक दिसतं अजून?"

"नाही दिसत. तंगूस मी ओवून देते. गाठ बोटांनी मारतात. चुकली की पुन्हा ओवायला लावतात. सगळा अभ्यंगाचा दिवस माझा त्यात गेला."

त्याने डबीवर झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"बोलावलंय का त्यांनी?"

खोटं बोलावंसं मला फार वाटलं. जिभेवर आलं होतं. पण अण्णांच्या तोंडी न बोललेले शब्द घालून त्याला नेलं असतं, तर दारात पाऊल टाकताच त्याला कळलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "गऱ्या दिल्या."

मनूने जुना गळ काढून टाकला आणि अण्णांची गरी बांधली. आमिषाला काही नव्हतं. गांडुळं आणायची विसरलो होतो. शेवटी शालनने बांधून दिलेल्या भाकरीचा तुकडा मळून त्याने गोळी केली. दोरा टाकला. मासे बघत राहिले.

ऊन उतरत होतं. नदीकाठचे पंप सुरू होते, लांबून भोंगा ऐकू आला. मी खडकाकडे बघत होते, कारण माशांकडे बघून कंटाळले होते. खडकावर पाण्याच्या रेषेत एक शंखाएवढा खड्डा होता. आलो तेव्हा तो कोरडा होता. आता त्यात पाणी होतं.

मी बघतच राहिले. पाणी आणखी बोटभर वर आलं. काठचं गवत आडवं झालं.

"मनू," मी म्हटलं, "भरती!"

आबा काठावरून ओरडले, "भरती कसली, बाई! धरनाचं पानी सोडलं. रब्बीचं. आज पैलाच दिस हाय."

पण मनू उठून उभा राहिला होता. पाणी थोडं गढूळ झालं, त्यातून काड्या आणि पानं वाहत आली, आणि डोहातले मासे, जे आठवडाभर नुसते उभे होते, ते सगळे एकदम वरच्या अंगाला तोंड करून फिरले. जागा सोडून पुढं आले. एकाने वाहतं पान तोंडात घेऊन टाकलं. मग मनूचा दोरा हलला.

"आला," तो कुजबुजला आणि त्याचा हात वर जाऊ लागला.

"ताणू नको!" मी म्हटलं. मी नाही, अण्णाच बोलले म्हणा ना. होडीत ते आम्हा दोघांच्या मागे बसून हेच म्हणायचे. तोंड लावलंय, घेतलं नाही अजून. घेऊ दे त्याला.

मनूचा हात तसाच थांबला. दोरा एकदा सैल झाला, मला वाटलं गेला. मग संथपणे, काही घाई नसल्यासारखा, तो खोल पाण्याकडे चालू लागला. तेव्हा मनूने हात उचलला.

पुढची धांदल काय सांगू! मनू कमरेपर्यंत पाण्यात, मी गुडघ्यापर्यंत, म्हशी बिथरून वर पळाल्या आणि आबा टोपी काढून तिने मासा धरायला आले. मासा खडकावर आला तेव्हा आम्ही तिघंही चिंब होतो. चांगला हातभर. सोन्यासारखा.

"गळ तुमचा आनि भाकरी आमची," आबा म्हणाले. "नुसत्या गळाला कंदी आला न्हाई तो. ध्यानात ठिवा, जावई."

मनू माशाच्या तोंडातून गरी सोडवत होता. मी म्हटलं, "सव्वापाच होऊन गेले. घरी खाडी पूर्ण भरली असेल."

तो थबकला. माझ्याकडे बघेना.

"तुला कुणी सांगितलं?"

"मला कुणी सांगायला कशाला हवं? मी तिथं राहते रे."

मग तो बोलला. इतकी वर्षं न बोललेला माणूस, गुडघ्यावर मासा घेऊन. म्हणाला, मशीनवर उभा असतो तेव्हाही मनातल्या मनात हिशेब चालू असतो. आज चतुर्थी, तीनला भरेल. आता होडी पाण्यावर आली असेल. आता अण्णा वल्ही काढत असतील. सेकंड शिफ्टला असलो की रात्रीची भरती मोजतो. "मासे मिळत नाहीत हे काय मला कळत नाही, ताई? पण त्या वेळेला नुसतं घरात बसवत नाही. पाण्याजवळ बसलो की वाटतं, ते तिकडे, मी इकडे, पण वेळ एकच."

"मग ये ना रे," असं माझ्या अगदी ओठांवर आलं. ते मी गिळलं. आबा म्हशी हाकत होते, ऊन गेलं होतं, आणि माझ्या भावाने नुसतं तोंड लावलं होतं.

त्या संध्याकाळी शालनने माहेरच्या चुलीवर मासा केला. कोकम मी नेलेलं, मसाला तिचा. नदीच्या माशाला किंचित मातीचा वास असतो, तो कोकमाने झाकला. आबांनी दोनदा मागून घेतला. मनूने सावकाश खाल्ला आणि म्हणाला, "चांगला आहे. पण खारा नाही." शालन लगेच मीठ घेऊन आली. ती उभी राहिली आणि तो तिच्याकडे बघून हसला. "तसं नाही गं. तुला एकदा दाखवायला पाहिजे."

बघू म्हणाला नाही. हे माझ्या लक्षात आलं, आणि शालनच्याही. ती मिठाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली.

स्वारगेट

परतीच्या दिवशी तो मला पुण्याला स्वारगेटपर्यंत सोडायला आला. स्टँडवर नेहमीचा गोंधळ. त्याने खिडकीतून माझी पिशवी आत दिली, पाणी आणून दिलं, कंडक्टरला उगाच दोन प्रश्न विचारले. गाडी सुरू झाली तरी तो खिडकीला हात लावून चालत होता.

"ताई, शिमग्याला पुनव."

"हो."

"म्हणजे दुपारी बाराला भरती."

"बाराला."

आमच्या गावाला यायचं तर खाडी ओलांडावी लागते, आणि तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालते ती फक्त भरतीला. ओहोटीला दोन्ही काठांना मांडीभर चिखल.

"रात्रीच्या गाडीने निघालं, तर अकरापर्यंत तरीवर पोचता येतं का अजून?"

खिडकीतून हात काढून त्याचं मनगट धरावं आणि घाटाखाली उतरेपर्यंत सोडू नये असं वाटलं. पण मीही त्याच होडीत वाढले आहे.

"पोचता येतं," मी म्हटलं. बस्स, एवढंच. गाडीने वेग घेतला आणि त्याचा हात सुटला.

घर

अण्णा ओटीवर बसले होते. चहा झाला, पाऊसपाणी झालं. मग त्यांनी विचारलं, "गऱ्या उपयोगी पडल्या का?"

"पडल्या. हातभर मासा मिळाला."

"वेळ कोणती होती?"

"सप्तमी. सव्वापाच."

"देशावर कसली आलीय सव्वापाचची भरती?"

"तिकडची नाही," मी म्हटलं. "आपली. तो आपल्या भरतीला जातो, अण्णा. दर गुरुवारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हल्ली त्यांना माझा चेहरा नीट दिसत नाही, आवाजाच्या दिशेने बघतात. मग मी आमिष कशाचं होतं तेही सांगितलं. बाजरीची भाकरी, तिने केलेली. ते उठून आत गेले.

याला आता पंधरवडा झाला. मनूचं पत्र नाही, मीही लिहिलेलं नाही. परवा शाळेतून आले तर अण्णा होडीपाशी खाली बसून एक फळी तासत होते. बोटांनी कड चाचपायची, मग रंधा मारायचा. आमच्या होडीत बसायला फळी नाही. आम्ही सगळे काठावरच बसतो.

"ही कशाला?"

"मधे बसवायची."

"कुणासाठी?"

त्यांनी रंधा थांबवला नाही. "घाटावरची माणसं काठावर बसत नाहीत गो. घाबरतात."

मी पिशवी ठेवली आणि त्यांच्याजवळ भुसा गोळा करायला बसले. पुढं काही विचारलं नाही. फळी आता बसवून झाली आहे. शिमगा अजून लांब आहे. रोज दोनदा पाणी चढतं, होडी तरंगायला लागते, आणि मी शाळेच्या खिडकीतून तरीकडे बघते.